अरुंद नावेचा विस्तीर्ण सल्ला

ज्या विषयाशी आपला जन्मात कधी संबंध आलेला नाही आणि पुढेही येण्याचा संभव नाही, त्या विषयावर सल्ला देताना मनुष्याच्या वाणीला जे निःशंक गांभीर्य प्राप्त होते, ते त्याला स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याविषयी बोलतानासुद्धा साधत नाही. या सिद्धान्ताचा पडताळा ज्याला पाहावयाचा असेल त्याने गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून आत वळून खोताच्या वाडीत यावे, आणि पहिल्या ओट्यावर जो कोणी बसलेला दिसेल त्याला, आपण एक नाव घेतली असून ती आतून राहण्याजोगी करावयाची आहे, एवढेच सांगावे. चौपाटी येथून पायी जाण्याइतकी जवळ असली, तरी वाडीतील बहुतेकांचा समुद्राशी संबंध गणपतिविसर्जनापलीकडे गेलेला नाही. तथापि सायंकाळचे दिवे लागेपर्यंत चौकशी करणाराच्या पदरी इतका सल्ला पडेल की, तो सगळा नावेत भरला असता नाव जागच्या जागी बुडावी.

हा प्रयोग मी हौसेने केलेला नाही. माझा भाचा इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आसपास नोकरीस आहे. तेथील घरभाड्याचे आकडे पाहून, ज्या धैर्याने त्याचे पूर्वज कोकण सोडून मुंबईस आले त्याच धैर्याने, त्याने जमिनीचा नाद सोडून पाण्यावर बिऱ्हाड करण्याचा निश्चय केला, आणि कालव्यातून चालणारी, छप्पन्न फूट लांबीची व सात फुटांस दोन इंच कमी रुंदीची एक पोलादी नाव खरेदी केली. नाव म्हणजे केवळ यंत्र आणि सुकाणू बसविलेला पोकळ सांगाडा. आत जमीन नाही, भिंतीला लाकूड नाही, दिवा नाही, मोरी नाही. मुलाने अखेर घर घेतले का, या नातेवाइकांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हा त्याच्या आईपुढे पेच पडला. तेव्हा बऱ्याच खलबतानंतर "हो, अगदी पाण्याला लागूनच आहे" असे सांगण्याचे ठरले, आणि त्यात असत्याचा लवलेशही नव्हता. मला मात्र त्याने निराळेच पत्र धाडले. "मामा, आतले सगळे काम मी स्वतः करणार आहे. काय वाचावे, कोणाला विचारावे, कोणते सामान कोठे चांगले मिळते, याची तुमच्याकडे काही माहिती असल्यास कळवावी."

अशा पत्राला 'मला यातले काही कळत नाही' असे उत्तर देणारा मामा महाराष्ट्रात अद्याप जन्मास यावयाचा आहे. मी तत्काळ होकार कळविला आणि मग या नावेची हकीकत काय आहे हे शोधण्यास आरंभ केला.

हकीकत अशी की, अठराव्या शतकात कोळसा, चिनीमातीची भांडी आणि तत्सम जड माल वाहून नेण्याकरिता इंग्लंडात कालवे खोदण्याचा सपाटा सुरू झाला, आणि जेम्स ब्रिंडली नावाच्या कारागिराने १७६६ साली जो ट्रेंट-मर्सी कालवा हाती घेतला, त्यावर नावा चढविण्या-उतरविण्यासाठी बांधलेली पाण्याची बंद दालने सुमारे सातच फूट रुंद ठेवली. तो कालवा १७७७ साली पुरा झाला. परंतु खर्चात बचत करण्यासाठी एका माणसाने एकदा ठरविलेली ही रुंदी पुढे मध्य इंग्लंडातील कित्येक कालव्यांच्या आणि त्यांतून चालणाऱ्या प्रत्येक नावेच्या कपाळी कायमची लिहिली गेली. काठावरून घोडा दोर ओढीत चाले, नावेत माल भरलेला असे, आणि नावाड्याचे कुटुंब पोराबाळांसह मागील बाजूच्या सुमारे दहा फूट लांबीच्या कोठडीत राही. पुढे आगगाडीने मालाची वाहतूक पळविली आणि मालाच्या जागी हौशी माणसे राहावयास आली. या हौशी मंडळींचा आद्य पुरुष म्हणजे एल. टी. सी. रोल्ट. त्याने १९३९ साली बॅनबरी येथील गोदीत 'क्रेसी' नावाची जुनी नाव राहण्यासाठी सिद्ध करून घेतली, तीत स्नानाचा टबसुद्धा बसविला, आणि त्या वास्तव्यावर लिहिलेले 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी कालवे वाचविण्यासाठी तेथे एक संस्थाही निघाली. तेव्हापासून आजतागायत या नावा ताशी चार मैलांची मर्यादा पाळून, बहुतेक ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून, कोणतीही घाई नसलेल्या माणसांना घेऊन चालल्या आहेत.

कोणत्याही कार्याचा आरंभ शास्त्राधारे करावा, या आमच्या वळणास अनुसरून मी प्रथम ग्रंथांकडे वळलो. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात नौकांचे एक प्रकरण आहे. त्यात विशेष नौकांचे दीर्घा आणि उन्नता असे दोन वर्ग करून, दीर्घा नौकेची रुंदी लांबीच्या एक-अष्टमांश असावी असे सांगितले आहे. मी कागदावर भागाकार केला. छप्पन्नास आठांनी भागिले असता सात येतात! ब्रिंडलीने ज्या काटकसरीपोटी सात फूट धरले, तिला भोजराजाची आगाऊ संमती होती, हे पाहून माझा ऊर भरून आला. हातांच्या मापाने भाच्याची नाव सदतीस हात भरते, म्हणजे ती बत्तीस हाती दीर्घिकेहून मोठी आणि अठ्ठेचाळीस हाती तरणीहून लहान ठरते; आणि लोला, गामिनी व प्लाविनी या ज्या तीन जाती अशुभ म्हणून सांगितल्या आहेत त्यांत ती मोडत नाही, हे भाच्याच्या आईला मुद्दाम कळविण्यासारखे होते. अडचण दोन ठिकाणी आली. शास्त्राप्रमाणे उंची लांबीच्या एक-दशांश, म्हणजे साडेपाच फुटांच्या किंचित वर येते, आणि भाचा पावणेसहा फुटांहून उंच असल्याने त्याला घरात सदैव नम्रतेने वागावे लागले असते. दुसरे असे की, समुद्रातील लोहचुंबक ओढून घेतात म्हणून सागरगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असा त्या ग्रंथाचा स्पष्ट निषेध आहे. आणि भाच्याच्या नावेत लोखंडावाचून दुसरे काहीच नव्हते.

मराठीतही या विषयावर साधन नाही असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या लेखणीतून उतरलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. गुराबा फार थोर नसाव्या, फार लहानही नसाव्या, मध्यम प्रतीच्या असाव्या, असे सांगून अमात्य लाकडाच्या प्रश्नाकडे वळतात आणि बजावतात की, आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी, पण ती एकदोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये; एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन मगच तोडावे. नावेच्या सामानाची यादी देताना ज्याच्या परसातले झाड तुटावयाचे त्याला आधी विचारा असे सांगणारा हा एकच मार्गदर्शक मला भेटला. बाकीच्या ग्रंथकारांनी कोणाला विचारावे हे सांगितलेले नाही. ते स्वतःच बोलत राहिले आहेत.

ग्रंथ संपले तेव्हा लोक उरले, म्हणजे आमची खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांस विकले आणि तेव्हापासून कौलारू छपरांची, लाकडी सज्जांची, बाहेरून जिने चढविलेली घरे एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी आहेत. त्यामुळे येथील मनुष्यास अरुंदपणाचे शिक्षण निराळे द्यावे लागत नाही. भाच्याच्या पत्राची वार्ता पसरताच, एका रविवारी सकाळी, मुलांनी खडू घेऊन गल्लीत प्रत्यक्ष नावेची आखणी केली. रुंदी कशीबशी बसली. परंतु लांबीकरिता सरळ गल्ली पुरेना, तेव्हा नाळेकडचे दहाबारा फूट वळणावरून पलीकडे न्यावे लागले आणि नाव कोपरात मोडल्यागत दिसू लागली. पोर्ट ट्रस्टातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका, ज्यांचा जहाजांशी परिचय त्यांच्या बिलांच्या द्वारे तीस वर्षे झाला होता, त्यांच्याकडे आपसूकच सर्वाधिकार आले.

काकांनी प्रथम इतिहास सांगितला, आणि तो खरा होता. इंग्रजांनी आम्हांस नाव शिकवू नये, कारण १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले तेव्हापासून इंग्रजांनीच आपली जहाजे या बंदरात बांधून घेतली. मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली येथून पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. येथवर सर्वांनी माना डोलावल्या. मग काकांनी खडूने सामान मांडण्यास सुरुवात केली. आतली मोकळी जागा चाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद धरावी, असे भाच्याने कळविले होते. काकांनी गुणाकार करून जाहीर केले, "दोनशे चाळीस चौरस फूट. म्हणजे दहा-बाराच्या दोन खोल्या!" हे ऐकताच जमावात एकदम निर्धास्तपणा पसरला. दहा-बाराच्या एका खोलीत आठ माणसे, दोन परीक्षार्थी आणि कोकणातून औषधपाण्यासाठी आलेला एक पाहुणा ज्यांनी नांदविला होता, त्यांना एकट्या मुलाने दोन खोल्यांचे काय करावे हाच प्रश्न पडला. पोटमाळा काढा, दिवाणाखाली खण करा, टेबल भिंतीला बिजागरीवर टांगा, दाराच्या पाठीमागे खुंट्या ठोका, पाण्याची पिंपे एकावर एक रचा, अशा सूचनांचा वर्षाव सुरू झाला. देवघर पूर्वेस असावे असे एका मावशींनी सुचविले, तेव्हा नाव वळली की पूर्व कोणीकडे जाईल यावर बराच वेळ वाद झाला आणि अखेर देवघराला चाके लावावी असा तोडगा निघाला. गॅसचे सिलिंडर पलंगाखाली ठेवण्यास काकांनी मंजुरी दिली. पाण्याची टाकी, कपाट, पुस्तकांची फळी, लोखंडी शेगडी आणि ट्रंका हे सर्व काकांनी डाव्या अंगास मांडले. कारण उजव्या अंगास मावशींचे तुळशीवृंदावन खडूच्या रेषेत आले होते आणि ते हलविणे शक्य नव्हते.

प्रेक्षक आमच्या घराच्या बाहेरच्या लाकडी जिन्यावर बसले होते आणि प्रत्येक नव्या सूचनेबरोबर जिना कुरकुरत होता. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

इतक्यात समोरच्या घरातील आंटी सज्जात आल्या. त्यांनी खालचा सगळा खटाटोप पाहिला आणि वरूनच विचारले, "अरे, पण पावसात कपडे कुठे वाळत घालील तो?"

कोणीही उत्तर दिले नाही. हा प्रश्न मी भाच्यास कळविला, तेव्हा उलट टपाली त्याचे उत्तर आले की, मामा, हाच या नावेतला मुख्य रोग आहे. बाहेर थंड पोलाद, आत माणसाचा श्वास, चहाची वाफ आणि ओले कपडे. रात्रभरात भिंतींवर दव धरते, ते लाकडी अस्तरामागे उतरते आणि आतून लोखंड गंजत जाते. म्हणून पोलादाला आतून फेसाचा जाड थर फवारावा लागतो, वर आणि खाली वारा खेळण्यासाठी कधीही बंद न होणारी छिद्रे ठेवावी लागतात, आणि हे सगळे एकही फळी ठोकण्याआधी. आंटींनी नाव पाहिलेली नव्हती. परंतु मुंबईचे पावसाळे त्यांनी काढले होते, आणि जेथे ओल साचते तेथे त्यांची दृष्टी आपोआप गेली.

दुसरा उपयुक्त मनुष्य त्याच सकाळी आला, तोही नावेच्या शयनगृहातून. डोक्यावर पाटी घेतलेली आमची नेहमीची कोळीण गल्लीतून येताना खडूच्या पलंगावरून चालत स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा मुलांनी तिला थांबविले आणि ही नाव असल्याचे सांगितले. तिने पाटी न उतरविता एकवार दोन्ही अंगांकडे पाहिले. "सगला भार एकाच अंगाला? कलंडंल की वो!" काकांनी तुळशीकडे बोट दाखविले. ती म्हणाली, "तुलस पान्यात नाय, नाव पान्यात हाय," आणि पापलेटचा भाव सांगू लागली. त्याच बोलण्यात, तिच्या दिराची बोट भाऊच्या धक्क्याला लागते हेही कळले.

येथे माझ्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली होती. परंतु तिची खात्री बाजारात पटली. मुंबईत वस्तूंचे बाजार आहेत तसेच ज्ञानाचेही आहेत, आणि बहुधा एकाच गाळ्यात आहेत. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर मी पितळी गवाक्षाची चौकशी केली. विक्रेत्याने नाव कसली, पाणी कसले, भोक केवढे, हे काहीही विचारले नाही; ते गवाक्ष एका अतिप्रसिद्ध जहाजाचे असल्याचे त्याने सांगितले. ते जहाज अटलांटिकच्या तळाशी असल्याचे मी सुचविताच, त्याने किंचितही विचलित न होता, "इसीलिए तो सस्ता है" असा खुलासा केला. दारूखान्यात, जेथे मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान विकावयास येते, तेथे दोर, साखळ्या, दरवाजे, प्राणरक्षक कडी यांची समृद्धी अपार. पण प्रत्येक वस्तू पाचशे फुटी जहाजाच्या मापाची. तेथे मला जो नांगर आग्रहाने दाखविण्यात आला, तो कमरेएवढ्या पाण्याच्या कालव्यात टाकला असता पाण्यावर तसाच उभा राहिला असता, आणि भाच्याला वर चढून कपडे वाळत घालण्याची सोय झाली असती.

नागदेवीला मात्र अनुभव निराळा आला. यंत्रे, पंप आणि हत्यारे यांच्या त्या दाट गल्लीत एका चिंचोळ्या दुकानात वृद्ध बोहरी शेठजी बसले होते. मी पंप मागितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला.

"काम क्या है?"

"नावेत साठणारे पाणी बाहेर टाकायचे आहे."

"पानी साफ या मैला? कितना ऊपर फेंकना है? बिजली कौनसी, घर की या बैटरी की? रात को आदमी सोता है तो पंप अपने आप चालू होना मंगता कि नहीं?"

मी एकेका प्रश्नापुढे निरुत्तर होत गेलो आणि माझ्या अज्ञानाचा आवाका कधी नव्हे इतका स्पष्ट दिसू लागला. सर्व चौकशी झाल्यावर शेठजींनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "इधर से मत भेजो. बिगड़ेगा तो उसका पार्ट उधर नहीं मिलेगा. उधर ही लेने को बोलो, लेकिन ये चार बात पूछ के." त्यांनी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून दिल्या, चहा पाजला आणि एक पैशाचाही माल विकला नाही. लोहारचाळीत विजेच्या तारा विकणाऱ्या तरुणानेही प्रथम लांबीच विचारली. बॅटरी बारा व्होल्टची, नाव छप्पन्न फुटी, म्हणजे मागच्या बॅटरीपासून पुढच्या दिव्यापर्यंत जाऊन परत येईतो तार शंभर फुटांच्या वर. दाब कमी असला की तेवढ्याच कामाला प्रवाह जास्त लागतो, आणि बारीक तारेत तो वाटेतच खर्ची पडतो. "घरातली तार लावली तर शेठ, दिवा लागेल, पण उजेड पडणार नाही," असे तो म्हणाला. शासनाच्या कित्येक योजनांना हे वर्णन लागू पडते, परंतु तो तारेविषयीच बोलत होता.

भाऊच्या धक्क्यावर कोळणीचा दीर भेटला. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या धक्क्यावर नाखव्याने जाळ्यावरील हात न थांबविता माझी जबानी घेतली.

"पानी किती?"

"कमरेएवढं."

"भरती?"

"नाही."

"वारा, लाट?"

"बेताचीच."

"मासली?"

"धरत नाही तो."

नाखव्याने प्रथमच वर पाहिले. "मंग नाव कशाला? चालत जाऊं दे ना त्याला!"

बरोबरीच्या खलाशांचे हसणे ओसरल्यावर तो गंभीर झाला आणि त्याने जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथात इतक्या थोडक्यात नसेल. रिकामी नाव पाण्यावर बसत नाही, नाचते. म्हणून आधी तळाला विटा, फरशा, जे मिळेल ते वजन घालावे, ती कशी बसते ते पाहावे, टाकीत पाणी भरून पुन्हा पाहावे, आणि मगच जमीन ठोकावी. वजन घालण्याच्या आधी केलेले सर्व काम वजन घातल्यावर वाकडे होते. शिवाय तळाशी एक फळी उचलता आली पाहिजे, कारण पाणी प्रथम तळाला येते आणि मालकाला सर्वांत शेवटी कळते.

ही हकीकत मी आमच्या वाडीतील सुतारास सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पाणसळ आणि ओळंबा ही त्याची दोन दैवते. आणि डोलणाऱ्या नावेत पाणसळ पाण्याची बाजू घेते, ओळंबा पृथ्वीची, आणि कपाट दोहोंशीही फारकत घेते, हे त्याला प्रथमच उमगले. थोडा वेळ तो विडी ओढीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे गुण्यावरच काम. जमिनीला काटकोन, बाकी जगाशी संबंध नाही." चाळीस वर्षे चाळींतील वाकड्या भिंतींना सरळ मांडण्या बसविणाऱ्या माणसाने हे तत्त्व इतक्या सहज स्वीकारले याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुढे त्याने विचारले, "तुमच्या भाच्याची उंची किती?" मी सांगितली. "आत रुंदी सहा फूट; अस्तर आणि फेस जाऊन पावणेसहासुद्धा उरणार नाही. पलंग आडवा टाकला तर पाय दुमडून झोपेल. उभाच टाका." भाच्याने त्याच आठवड्यात आडव्या पलंगाची मागणी नोंदविली होती, ती तारेने रद्द करण्याची तजवीज झाली असती, पण आता तारा बंद झाल्याने दूरध्वनी करावा लागला.

गॅसच्या सिलिंडराचा काकांचा हुकूम मात्र इंग्लंडातील नियमांनीच फिरविला. तेथे अशा नावेला दर चार वर्षांनी सुरक्षिततेचा दाखला काढावा लागतो, आणि दाखला देणारा परीक्षक पडद्यांचा रंग न पाहता आग, इंधन, वीज व गॅस एवढेच पाहतो. घरात गळालेला गॅस हवेहून जड असला तरी दाराखालून निघून जाण्याची काही आशा असते; नावेच्या तळाला दारच नसल्याने तो तेथे साचून ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडराचे कपाट राहण्याच्या जागेपासून बंद आणि तळाशी थेट नावेबाहेर उघडे असावे लागते. काकांना हे सांगितले तेव्हा, "मी तेच म्हणत होतो," असे त्यांनी सांगितले.

अखेर मी भाच्यास धाडण्यासाठी फेरिस्त तयार केली. उपयुक्त ठरलेल्यांची नावे एका बाजूस आणि त्यांनी दिलेली माहिती दुसऱ्या बाजूस असा तिचा आराखडा होता. पण लिहिता लिहिता दुसऱ्या बाजूस उत्तरांच्या जागी प्रश्नच गोळा झाले. आंटी : कपडे कोठे वाळणार? कोळीण : भार कोणत्या अंगाला? शेठजी : पाणी साफ की मैले? तारवाला : लांबी किती? नाखवा : पाणी किती? सुतार : झोपणाराची उंची काय? ज्यांनी सल्ला दिला त्यांची यादी याच्या दसपट होती, आणि तीत एकही प्रश्न नव्हता. ज्याला ठाऊक असते तो आधी तुमचे माप घेतो. ज्याला ठाऊक नसते त्याच्याकडे तयार कपडे असतात. ही कसोटी नावेपुरतीच आहे असे समजण्याचे कारण नाही. वैद्य, वकील आणि वधूवरसूचक मंडळे यांच्याबाबतीत ती लावून पाहण्यास हरकत नाही.

फेरिस्त पोचली. भाच्याने आधी वजन घातले, मग फेस फवारला, जाड तार ओढली, पलंग उभा टाकला आणि यथावकाश दाखला मिळविला. वाडीत पेढे वाटले गेले आणि ते श्रेय काकांनी स्वीकारले. त्यानंतर भाच्याचे जे पत्र आले, त्याच्यासोबत त्या रविवारचे छायाचित्रही परत आले होते. मी ते खडूची नाव दाखविण्यासाठी धाडले होते; त्याने मात्र मागे बसलेल्या प्रेक्षकांच्या खालील जिन्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. "मामा, या जिन्याची डावी तुळई किती इंच खचली आहे? पावसाचे पाणी तिच्या कोणत्या टोकाला मुरते? तो सागाचा आहे की नंतर दुसरे लाकूड घातले? त्यावर एका वेळी किती माणसे चढतात? आणि दुरुस्तीचा खर्च मालकाने करावयाचा की भाडेकरूंनी, याचा कागद कोणाकडे आहे?"

हे पत्र मी ओट्यावर सर्वांसमक्ष वाचून दाखविले. छप्पन्न फुटी नावेवर ज्यांनी एक अख्खा रविवार खर्ची घातला होता, त्यांच्यापैकी एकालाही या साडेनऊ फुटी जिन्याविषयी काही सुचवावयाचे नव्हते. मावशींना आत दूध उतू गेल्याचे स्मरण झाले, काकांनी हे प्रकरण पेचदार असल्याचा शेरा मारला, आणि सुतार तेवढा खिशातून फूटपट्टी काढून विचारता झाला, "माप कधी घेऊ?" भाच्याच्या पाच प्रश्नांपैकी पहिल्या चारांची उत्तरे त्याने त्याच दिवशी मिळविली. पाचव्याचे उत्तर शोधण्यासाठी तूर्त एक समिती नेमण्यात आली असून, तिची पहिली बैठक त्याच जिन्यावर भरणार असल्याने सभासदांनी एकेक करून चढावे, अशी सूचना काकांनी काढली आहे.